आतून न उघडणारा दरवाजा

मी इथे तीन-चार वर्षं फक्त वाचतेय. कधी साधी कमेंटसुद्धा केलेली नाही. इंग्रजी माध्यमात शिकले आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. आणि आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. इथले अनुभव वाचतानाही पहिला प्रश्न मनात यायचा, की सांगणाऱ्याची आदल्या रात्री नीट झोप झाली होती का... मी लिहितेय ते घडलं भर दुपारी, उन्हात. आणि माझी झोप झालेली होती.

आम्ही घाटनांदूरला राहतो. पप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, ते आता बंद आहे. आमच्याकडे एक पांढरी ॲम्बॅसिडर होती. माझ्या जन्माआधी पप्पांनी ती सरकारी लिलावात घेतलेली. टपावर लाल दिव्याची जागा पत्रा लावून बुजवली होती, तरी तो गोल डाग रंगाखालून दिसायचाच. त्यामुळे गावात पप्पांचं नाव पडलं ‘कलेक्टर’. स्टँडजवळून गाडी निघाली की कुणीतरी हटकून विचारणार, “कलेक्टरसाहेब, आमची फाईल कुठवर आली?”

पप्पा काच खाली करून म्हणायचे, “तुजी फाईल उंदरानं खाल्ली बे.”

याच गाडीतून पप्पा मला रोज अंबाजोगाईला शाळेत सोडायचे, आणायचे. पहिली ते दहावी. मी घरात फारशी बोलत नाही, शाळेत तर अजिबातच नाही. गाडीत मात्र बोलायचे. समोर रस्ता असला की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मला ते सोपं जायचं, आणि मला वाटतं पप्पांनाही. काका त्यांच्याशी बोलायचे का बंद झाले, आईला माझ्याआधी एक मूल होऊन गेलं होतं — हे सगळं मला गाडीत कळलं. घरी उतरलो की पुन्हा “जेवलीस का?” “हो.” एवढंच.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल. गाडीचा डावीकडचा पुढचा दरवाजा आतून उघडत नसे. पप्पा गाडी थांबवायचे, उतरायचे, पुढून वळसा घालून यायचे आणि बाहेरून दरवाजा उघडायचे. शाळेच्या गेटवर रोज हा प्रकार. मुली हसायच्या, “मॅडम आल्या.” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी कितीदा म्हटलं, दुरुस्त करून घ्या. पप्पा म्हणायचे, “करू की.” केला कधीच नाही.

दोन वर्षांपूर्वी पप्पांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. मला तेव्हाच एका कंपनीत चॅट सपोर्टचं काम मिळालं होतं, घरून. (बोलावं लागत नाही, टाइप करायचं असतं, म्हणून घेतलं.) मला बसायला खोली हवी होती आणि गाडीच्या पत्र्याच्या शेडला भिंती घातल्या की खोली होणार होती. मी पप्पांना म्हटलं, गाडी उभीच आहे, विकायची का? ते म्हणाले, “बघ तुला काय वाटतं ते.” मी याला होकार समजले. ऑनलाइन जाहिरात मीच टाकली, इंग्रजीत, छान फोटो वगैरे काढून. एवढ्या वर्षांत मी कुणासाठी एवढं चांगलं काही लिहिलं नव्हतं.

माजलगावचे हारूनभाई आले. फळांचे व्यापारी. त्यांचे वडील कुणा अधिकाऱ्याची अशीच गाडी चालवायचे, म्हणून आईसाठी त्यांना ती हवी होती. शुक्रवार होता. सौदा ठरला आणि ते नमाजला मशिदीत गेले. तेवढ्यात पप्पा माझ्याकडे आले. त्यांनी सकाळपासून गाडी धुतली होती, बाह्या अजून ओल्या होत्या.

“एक चक्कर मारू चल. स्टेशनापोतर. डॉक्टरला कोन सांगायलंय?” मग जरा थांबून म्हणाले, “तुला एक सांगायचं हाय.”

माझ्या कानाला हेडफोन होता. टीमची मीटिंग चालू होती. मी तर त्यात बोलतही नव्हते, नुसती ऐकत होते. मी हाताने थांबा अशी खूण केली आणि म्हटलं, “पप्पा, मीटिंग आहे. नंतर.”

मीटिंग संपून बाहेर आले तेव्हा गाडी गेली होती. शेडमध्ये ऑइलचा काळा डाग तेवढा होता. पप्पा त्याच्याकडे बघत उभे होते. काय सांगायचं होतं, ते मी विचारलं नाही. घरात आम्हाला तसं विचारता येत नाही. त्यांनीही सांगितलं नाही. नंतर त्यांचं ऑपरेशन झालं, शेडची खोली झाली, आणि पप्पा हळूहळू गप्प झाले... म्हणजे आधीपेक्षाही. दाढी चार-चार दिवस तशीच. स्टँडकडे जाणं बंद. कुणी कलेक्टर म्हणून हाक मारली तरी नुसती मान हलवायचे. रोज दुपारी जेवण झालं की माझ्या खोलीच्या भिंतीला लागून ओसरीत बाज टाकून पडायचे. भिंतीच्या अलीकडे मी. दोन ते अडीच माझी जेवणाची सुट्टी असते. मी हेडफोन गळ्यात अडकवून दहा-पंधरा मिनिटं टेबलावर डोकं टेकते. म्हणजे ज्या जागी गाडी उभी असायची, बरोबर तिथेच.

तीन-चार महिन्यांनी हारूनभाईंचा फोन आला.

“मॅडम, राग नका मानू. गाडीत आधी कुनाचं काही बरंवाईट झालतं का?”

“नाही. का?”

“डाव्या साइडचा दरवाजा रोज दुपारी उघडा सापडायलाय. चावी माझ्यापाशी असती. आन् अम्मी म्हनते, एक पोरगी येऊन बसते.”

मला वाटलं, आता पैसे परत मागणार. मी फोन ठेवला आणि ऑफिसात ग्राहकांना पाठवतो तसला मेसेज पाठवला — आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे, गाडी आहे त्या स्थितीत विकली होती. आता आठवलं की लाज वाटते. पुढचे दोन फोन उचलले नाहीत. मग त्यांचाच मेसेज आला. घरात बायको घाबरते, सोमवारी भंगारवाला येऊन गाडी कापून नेईल, तुम्हाला कळवावं वाटलं.

तो मेसेज मी कितीदा वाचला माहीत नाही. विकणं वेगळं. कापणं... शनिवारी मी सुट्टी टाकली. घरी सांगितलं, अंबाजोगाईला मैत्रिणीकडे जातेय. गेले माजलगावला, परळीला बस बदलून. उसाच्या ट्रॅक्टरांमागे बस रखडत होती. पोचायला पावणेदोन झाले.

हारूनभाईंच्या घरामागे मोठं अंगण आहे. मोसंबीचे रिकामे क्रेट रचलेले, मधे एक चिंचेचं झाड आणि झाडाखाली आमची गाडी. सीटला हिरवं कव्हर घातलं होतं. बाजेवर त्यांची आई चिंचा सोलत बसली होती. हारूनभाई माझी ओळख करून द्यायला लागले, तोच तिने वर बघितलं आणि अगदी सहज विचारलं, “आज दरवाजे से आयी क्या, बेटी?”

मला समजलंच नाही. हारूनभाईंचा चेहरा मात्र उतरला. “अम्मी, ये तो गाडीवाली मॅडम हैं,” ते तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले.

“हौ, येईच है,” ती म्हणाली. “रोज बैठती. आज गले में वो काला पट्टा नहीं डाली.”

काळा पट्टा म्हणजे काय, हे मला लगेच कळलं नाही. मग कळलं, आणि हात आपोआप गळ्याकडे गेला. तो हेडफोन मी घरी, त्या खोलीतच वापरते. तो घालून मी कधी अंगणातही गेलेली नाही. माझ्या प्रोफाइलला फोटोऐवजी जास्वंदीचं फूल आहे. हारूनभाई आमच्याकडे आले तेव्हा मी आतल्या खोलीत होते, त्यांनी मला धड पाहिलंही नव्हतं. आणि त्यांची आई सांगत होती, की मी चप्पल काढून एक पाय सीटवर मुडपून बसते आणि एवढं बोलते, एवढं बोलते, की हात थांबत नाहीत.

मला भीती वाटली, पण त्याहून आधी वेगळंच काहीतरी वाटलं. जसं कुणी माझी डायरी वाचली असावी. मला घरचेसुद्धा तसं बसलेलं ओळखणार नाहीत.

“मी कुणाशी बोलते, खाला?” मीही तिच्या कानाशी वाकून विचारलं.

“बाजू में बैठता वो. सफेद बालों का. पहले आँख पे हरा कपड़ा था, अब काला चश्मा है.”

पप्पांच्या डोळ्यावर हिरवी झडप होती ती ऑपरेशननंतर. गाडी विकल्यावर. त्यांचं ऑपरेशन झालं हेही हारूनभाईंना ठाऊक नव्हतं.

“काय बोलतो आम्ही?”

म्हातारी हसली. कानाला हात लावून म्हणाली, “आँखां अच्छे हैं बेटी, कान गये.”

मी गाडीत बसायचं ठरवलं. का, ते सांगता येणार नाही. हारूनभाई नको नको म्हणत होते. मी डावीकडे बसले, दरवाजा ओढून घेतला. आतला वास तोच होता, नव्या कव्हरच्या खालून येणारा. हारूनभाई थोडा वेळ उभे राहिले, मग पाणी आणतो म्हणून आत गेले. मी ड्रायव्हरच्या सीटकडे बघितलं नाही. पुढे बघत राहिले. काचेवर चिंचेची पिवळी पानं पडली होती. काही झालं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं... मला माझंच हसू आलं आणि मी उतरायला गेले.

दरवाजा आतून उघडेना. अर्थातच. एवढी वर्षं झाली, हात ते विसरला होता. मी काच वाजवली. म्हातारी पाठमोरी चिंचा सोलत होती. मागचे दरवाजे बंद, उजवीकडून उतरायचं तर त्या सीटवरून सरकत जावं लागणार होतं आणि ते मला जमेना. मी पुन्हा काच वाजवली.

मग खट् असा आवाज आला, बाहेरच्या मुठीचा. हा आवाज मी शाळेची दहा वर्षं रोज दोनदा ऐकलाय. दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडला. पूर्ण, म्हणजे बिजागरी कुरकुरेपर्यंत. वारा नव्हता, झाडाचं पानही हलत नव्हतं. बाहेर कुणी नव्हतं. हारूनभाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातून नुकते येत होते, आणि ते तिथेच थांबले होते.

म्हातारीने मान वळवली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या दरवाजाशेजारच्या रिकाम्या जागेकडे, आणि पदर डोक्यावर सारखा केला, परका माणूस समोर आल्यावर बायका करतात तसा.

गाडी कापायची नाही, हे तिनेच ठरवलं. हारूनभाईंना म्हणाली, “आते, बैठते, जाते. तेरा क्या लेते?” भंगारवाल्याला फोन माझ्यासमोरच झाला.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. पप्पा ओसरीत बसले होते. मी चप्पल काढत होते, तेव्हा ते समोर बघतच म्हणाले, “चिंचेचा पाला वायपरखाली साचायलाय. पावसाळ्यात पानी पायाशी उतरंल. हारूनला सांग काढायला.”

माझा एक पाय चपलेतच राहिला.

“हारूनभाईंचा फोन आला होता का?”

“मला कोन फोन करतंय.”

नंतर मी त्यांचा फोन उघडून बघितला. आलेल्या कॉलमध्ये माजलगावचा एकही नंबर नव्हता. पप्पा आयुष्यात हारूनभाईंच्या घरी गेलेले नाहीत. पण ते नंतर. त्या वेळी मी खाली पायरीवर बसले, त्यांच्याकडे पाठ करून, दोघांचीही तोंडं रस्त्याकडे होतील अशी. आणि जे एवढे महिने विचारलं नव्हतं ते विचारलं.

“पप्पा, गाडी विकली त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचं होतं?”

“सांगितलं की.”

“कधी?”

“कधी म्हंजे? गाडीत.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट जरा हसल्यासारखा वाटला. “किती येळा सांगू, माय? आन् तू व्हय म्हनलीस.”

याला आता काही महिने झाले. पप्पा बदललेत. रोज दाढी करतात, संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसतात. परवा कुणीतरी फाईलचं विचारलं तर म्हणाले, “झाली मंजूर.” आई खूश आहे. मनावरचं ओझं उतरलेला माणूस दिसतो तसे ते दिसतात. आणि मला ते ओझं काय होतं, ते माहीत नाही. मी कशाला हो म्हटलंय, तेही माहीत नाही.

म्हातारीने हेडफोन कसा पाहिला, हिरवी झडप कशी पाहिली, तो दरवाजा कुणी उघडला, याचा मी सगळ्या बाजूंनी विचार करून झालाय. दमले. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, सरळ पुन्हा विचार. विचारता येत नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागेल, की पप्पा, तिथे तुमच्याशेजारी मी नव्हते. म्हणजे पुन्हा तेच — मीटिंग आहे, नंतर.

आता रोज दोन वाजता मी हेडफोन काढून ठेवते, केस नीट करते आणि टेबलावर डोकं टेकते. भिंतीपलीकडे बाज करकरते. झोप लागावी असं वाटतं. लागते, उठते, आणि गाडीतलं काहीच आठवत नाही.