सोवळ्याची काठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातही नाही — तिथे तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर ही मूठ मी झाकलेलीच ठेवली असती. तोंडाने मी तिखट, पण आतून भित्री.

माझी मुलगी गिरिजा. आम्ही बनारसला मंगला गौरीच्या गल्लीत राहायचो. हे घाटावरच्या एका देवळात पूजेला होते आणि तिथला दुपारचा नैवेद्य आमच्या घरातून जायचा. नव्वदीची ती वर्षं. शेजाऱ्यांकडे केबल टीव्ही आला होता, आमच्याकडे सोवळं कडक होतं. आंघोळ करून, दांडीवरचं लुगडं काठीने खाली घेऊन नेसायचं, आणि नैवेद्य निघेपर्यंत कुणाला शिवायचं नाही. पोटच्या मुलीलासुद्धा नाही. ती शिवली तर पुन्हा आंघोळ, दुसरं लुगडं आणि सगळा स्वयंपाक पहिल्यापासून. माघातल्या थंडीत ते काय असतं, ते केलेल्यालाच माहीत.

गिरिजा आठ वर्षांची होती. एका जागी बसायची नाही. मुलं बसत नाहीतच, म्हणाल तुम्ही — मीही तेच म्हणायचे. पण हिने घाटाच्या पायऱ्यांवरून उडी मारून हात मोडून घेतला आणि प्लास्टर असतानाच त्याच पायरीवरून परत उडी मारली. वर्गात बाकावर चढायची, बाई फळ्याकडे वळल्या की बाहेर. शेवटी शाळेने सांगून टाकलं, आधी इलाज करा, मग पाठवा.

म्हणून शहराच्या सिगरा भागातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर बंगाली होते, परदेशात शिकून आलेले. त्यांनी एडीएचडी असं नाव सांगितलं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. गोळी दिल्लीहून मागवावी लागे. सुरुवातीला सकाळी अर्धी, मग मुलीला बघून वाढवायची की कमी करायची ते ठरणार. ते मला म्हणाले होते, "माताजी, गोली मैं लिखता हूँ, लेकिन नापेंगी आप. घर में जो देखिए, वही बताइए. अच्छा लगे, बुरा लगे, वही."

किती साधं काम होतं, नाही का? जे दिसेल ते सांगायचं.

आणि गोळी लागू पडली, हे आधी सांगते. सकाळी अर्धी गोळी घेतली की ती खडूने ओसरीवर नावा काढत बसायची. एकेका नावेत माणसं, माणसांच्या हातात वल्ही. मी दारातून बघत राहायचे आणि मला भरून यायचं. पण ती गोळी दुपारपर्यंत टिकत नसे. अकराच्या सुमाराला उतरायची. अकराला मी सोवळ्यात असायचे.

आता येतेच तिथे. जरा दम घेते.

त्या दिवशी मी वरण उतरवत होते. ती धावत आली — "आई, गच्चीवर बंदराचं पिल्लू आलंय, जल्दी चल ना" — आणि तिने माझं लुगडं दोन्ही मुठींनी धरलं. सकाळपासून दुसऱ्यांदा. एकदा मी आधीच गार पाण्याने न्हाले होते, एकदा सगळा स्वयंपाक बाजूला काढला होता, आणि देवळात हे वाट बघत होते.

मला राग आला असं नाही म्हणता येणार. राग मला रोजच यायचा, तो माझ्या नाकावरच बसलेला. हे निराळं होतं. मी तिला झटकलं, ती उंबऱ्याबाहेर पडली, आणि कोपऱ्यातली काठी मी उचलली. सोवळं दांडीवर टाकायची काठी, माझ्याहून उंच, वेताची. पोटऱ्यांवर मारलं. ती उठून पळेना, नुसती गोल गोल फिरायला लागली, तर मी मांड्यांवर मारलं, पाठीवर मारलं. ती ओरडली तेव्हा ओरडू नको म्हणून मारलं. वेताचा एक आवाज असतो, लागायच्या आधी येणारा. तो मला आवडला. हे खोटं सांगून काय उपयोग? आवडला.

मग मी न्हाले. काठीला तिचा स्पर्श झालेला, म्हणून काठी नळाखाली धरून धुतली. टोकापासून टोकापर्यंत, नीट. तिच्या पायांवर पाणी घालायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी घातलं नसतं, कारण मी पुन्हा सोवळ्यात होते आणि तिला हात लावता येत नव्हता.

त्यानंतर तो परिपाठच झाला. सोवळ्यात लेकराला जवळ घेता येत नाही. काठीने मारता मात्र येतं. लांबून मारायचं, काठी धुवायची, नैवेद्य पाठवायचा. ते ताट देवापुढे जायचं आणि प्रसाद म्हणून घरी परत यायचं. आम्ही तिघंही तो खायचो. ह्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते परत येईपर्यंत ती गच्चीत गेलेली असायची, आणि ती बोलायची नाही.

डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तपासताना त्यांनी तिची सलवार वर केली. पोटऱ्यांवर आडवे वळ होते, जुने पिवळे आणि नवे निळे.

"ये कैसे?"

मी तयारी करून गेले नव्हते. तोंडातून आपोआप निघालं, आणि काय सफाईदार निघालं! "खुद को मारती है, डॉक्टर साहब. गुस्से में. लकड़ी उठाकर."

त्यांनी गिरिजाकडे पाहिलं. गिरिजाने माझ्याकडे पाहिलं — फार वेळ नाही, मला काय हवं आहे ते कळण्यापुरतंच. आणि म्हणाली, "हाँ."

आठ वर्षांची पोर. तिने मला वाचवलं, आणि मी वाचवून घेतलं.

डॉक्टर हुशार होते. त्यांनी विचारलं, असं कधी होतं, सकाळी की दुपारी? गोळी उतरल्यावर तर नाही ना? बघा, दार उघडंच होतं. हो, अकरानंतर, एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी दुपारसाठी छोटीशी गोळी लिहून दिली असती. पण दुपारी म्हटलं की दुपारी घरात काय चालतं, हा प्रश्न येणार होता. म्हणून मी म्हणाले, "सारा दिन."

सारा दिन. म्हणून त्यांनी सकाळची गोळी वाढवली. अर्ध्याची एक. पुढच्या वेळीही फरक नाही म्हणून मी मान हलवली, तर एकाची दीड. माझ्या हाताने उठलेल्या वळांचं औषध मी तिच्या पोटात घालत होते.

मग ती शांत झाली. उंबऱ्याबाहेर बसून राहायची, नावा काढायची नाही. जेवायची नाही, कपड्यांतून हाडं दिसायला लागली. नखांभोवतीची कातडी सोलून सोलून बोटं रक्ताळलेली असायची. हे म्हणाले, गोळी चांगली लागू पडली. मीही म्हणाले, हो. मला आता मारायची गरजच पडत नव्हती. या गोष्टीचं मी स्वतःला श्रेयसुद्धा दिलं. माणूस किती खाली उतरू शकतो, याला काही पायरी नसते.

संध्याकाळी गोळी उतरली की मात्र ती पिसाळायची. भांडी फेकायची, दारावर डोकं आपटायची. एकदा दिवेलागणीला मी देवाजवळ दिवा लावून मागच्या अंगणात आले, तर ती तिथे उभी होती. काठी तिला पेलत नव्हती, मधोमध धरली होती. तिने स्वतःच्या पोटऱ्यांवर मारलं. तोंडातून आवाज नाही. पुन्हा मारलं, पुन्हा. मी थांबवायला हवं होतं. मी खांबाआड उभी राहून बघत होते.

मारून झाल्यावर तिने काठी नळाखाली धरली. टोकापासून टोकापर्यंत धुतली, नीट, आणि कोपऱ्यात जागेवर ठेवली.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी ते खरं होतं. ते घाबरले. म्हणाले, हे औषध हिला मानवत नाही, आणि गोळी बंद केली. अर्ध्या गोळीवर ओसरीभर नावा काढणारी मुलगी त्यांनी पाहिलेलीच नव्हती. ती मी पाहिली होती. मी गप्प बसले.

गोळी सुटली ती सुटलीच. शाळेने तिला परत घेतलं नाही. दुसरी शाळा, तिसरी शाळा, मग कॉलेज अर्धवट. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. नवरा कंटाळून निघून गेला. लोक म्हणायचे, बापाचा एवढा अभ्यास आणि मुलगी अशी धांदरट कशी? मी म्हणायचे, नशीब. माझी पाठांतरातली वाक्यं होती ती.

आता ती पुण्याला असते. हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. मध्यंतरी तिचा फोन आला. ती पुन्हा डॉक्टरकडे जायला लागली आहे, तेच निदान, तीच गोळी सुरू करायची आहे, अगदी थोडीपासून. पण त्या डॉक्टरीणबाई लहानपणचं विचारतात. आधी औषध का बंद केलं होतं, ते कळल्याशिवाय त्या ती सुरू करायला तयार नाहीत.

"आई, मी स्वतःला मारायचे, हे खरं ना? मला काठी आठवते, ती धुतलेलीही आठवते. पण हात कुणाचा, ते काही आठवत नाही."

हे दार मला दुसऱ्यांदा उघडून मिळालं होतं. किती जणांना मिळतं?

"हो," मी म्हणाले, "तूच मारायचीस."

ती हसल्यासारखं करून म्हणाली, "बरं झालं विचारलं. इतकी वर्षं मला उगीच वाटत होतं, की तू मारायचीस. काय काय येतं ना मनात. माफ कर हं, आई."

मी म्हटलं, असू दे.