डावं चाक थोरल्याचं

गॅरेजात सगळे त्याला थोरला म्हणत. पंचवीस वर्षं गाड्यांखाली काढलेला माणूस. हात इतका बसलेला की नट किती आवळला गेलाय ते त्याला मनगटातच कळे. धाकट्या बहिणीला पान्यांची ओळख करून दिली ती त्यानंच. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, तेव्हा घरात झुरत बसण्यापेक्षा कामाला ये, असं म्हणणाराही तोच. आता तेच त्याला सलत होतं. गिऱ्हाइकं येत ती तिलाच विचारत. म्हणे, ती सगळं नीट ऐकून घेते. मग थोरला काय बहिरा होता?

त्या सकाळी डोंगरातल्या वस्त्यांवर जाणाऱ्या नर्सबाई आपली फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेऊन आल्या. पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क झिजून कडांना धार आली होती. ही जीप पहिल्यापासून थोरल्याच्या हातची. पण वडिलांनी, अप्पांनी, खुर्चीतूनच वाटणी केली: डावं चाक त्यानं करावं, उजवं धाकटीनं, म्हणजे बाई दुपारी निघतील.

थोरल्यानं मनातल्या मनात शर्यतच लावली. चाक उतरवलं, डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर तारेनं टांगला, हब ओढून जुनी डिस्क सोडवली, नवी बसवली. पलीकडे धाकटी नेहमीसारखी देवाचं नाव पुटपुटत काम करत होती. देवसुद्धा हिचंच ऐकत असेल, असं त्याच्या मनात आलं आणि पान्यावर जरा जास्तच जोर पडला. तिच्या आधी चाक चढवून तो हात पुसत उभा राहिला.

“आटपलं नाही अजून?”

“होतंय रे दादा. तुझ्यासारखा हात कुठाय माझा?”

तेही त्याला टोचलंच.

ब्रेकचं पेडल दाबून दाबून कडक केल्यावर जीप फिरवून आणायला तो स्वतः निघाला. धाकटी शेजारी बसली. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे ओढली गेली. थोरल्याला भलतंच बरं वाटलं. तुझंच चाक अडकून धरतंय, असं त्यानं तिला ऐकवलं. ती नुसती ‘बघूया’ म्हणाली.

परत आल्यावर अप्पांच्या देखत त्यानं आधी तिचं चाक उघडलं. डिस्कवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. कोरडी, स्वच्छ. कॅलिपरही मोकळा सरकत होता. मग नाइलाजानं त्यानं आपलं चाक उघडलं. डिस्कवर तेलाचा ओशट थर. गंज चढू नये म्हणून नव्या डिस्कला तेल लावून पाठवतात. ते पुसायचं घाईत राहून गेलं होतं आणि पॅड ते प्यायले होते. उजवं चाक ठीकच होतं, डावं धरतच नव्हतं. आणि ह्याच जीपनं बाई उतार उतरणार होत्या.

अप्पांनी काय झालं ते विचारलं. थोरल्याच्या आधी धाकटीच बोलली.

“पेट्रोलची बाटली मीच घेऊन बसले होते, अप्पा. दादाला पुसायला मिळालीच नाही.”

तिनं टोमणा मारला असता तर सोसला असता. पण हे चांगुलपण त्याला झोंबलं. तेवढंही हिच्याचकडे असावं?

“दुसरी बाटली माझ्या पायाशी होती,” तो म्हणाला. “मीच पुसलं नाही. हिच्या आधी संपवायचं होतं मला.”

थोरल्यानं तेलकट पॅड टाकून नवे घेतले, डिस्क दोन्ही अंगांनी पुसली, चाक चढवलं आणि पुन्हा फिरवून आणायला जीपची चावी धाकटीपुढे धरली. तिच्याकडे बघणं मात्र त्याला जमलं नाही.