अम्मीचे स्वच्छ शब्द

गेल्या रविवारी अब्बांनी पुन्हा विचारलं, "तुझ्या लॅपटॉपमदलं अम्मीचं बोलणं कवा ऐकवतीस?" अम्मीला जाऊन वर्ष होत आलंय. लोणावळ्याला रेल्वेतून रिटायर झालेले अब्बा आता दिवसभर घरात एकटे असतात. मी आज-उद्या करत टाळत होते.

माझं काम शब्दांचं. कुठली भाषा शब्दाला किती शेपट्या, म्हणजे प्रत्यय, लावते, कुठल्या क्रमानं लावते, हे ताडून बघायचं आणि सगळ्या भाषांना लागू पडेल असं काही सापडतंय का ते शोधायचं. मावळी बोली घ्यायची ठरली, तेव्हा लांब कशाला जाऊ? उर्से गावातल्या आमच्या घरातच अम्मी होती.

पंखा बंद करून, कोंबड्या मागं हाकलून मी यादी आणि रेकॉर्डर घेऊन बसायचे. घरात, घरातनं, घरातल्यांना. प्रत्येक शब्द तीनदा म्हणायचा. पण अम्मीची गाडी भलतीकडंच वळायची! "घरातनं... अगं, बेडश्याची मावशी आलती. सुनंनं लय छळ मांडलाय तिचा." मग खोकला, मग हसणं, मग "वाळलीस गं, पुण्यात जेवतीस का न्हाई?"

मी वैतागायचे. "अम्मी, नुसता शब्द बोल ना!"

"नुसता शब्द कोण बोलतं बाई? येड लागलंय का?"

काम संपलं की मी रेकॉर्डिंग कापायला बसायचे. शब्द ठेवायचा, बाकीचं उडवायचं. मूळ फाईल जागा खाते म्हणून तीही पुसायची. याला आम्ही 'स्वच्छ' म्हणतो. माझ्या स्वच्छ कामाचं कौतुकही झालं. मूर्ख कुठची!

आता अम्मीच्या शेपट्यांचा नियम मला तोंडपाठ आहे, तो कानडीशी कुठं जुळतो तेही सांगते. पण 'जेवतीस का' विचारताना तिचा आवाज कसा चढायचा, ते आठवायला गेलं की सापडतच नाही. जीव नुसता तळमळतो.

त्या रविवारी मात्र टाळता आलं नाही. अब्बा टोपी नीट करून समोर बसले. मी फाईल लावली.

"घरात," अम्मी म्हणाली. "घरात. घरात."

अब्बांचे डोळे भरून आले. पाच-सहा शब्द झाले, तसे ते आणखी पुढं सरकले.

"लाव, पुडचं लाव," ते म्हणाले. "तिला कुटं धीर हाय? आता बोलंलच मदी कायतरी."

मी पुढचा शब्द लावला.