कढीपत्त्याच्या कुंडीतल्या पिशव्या

पीण्या या कानडी मुलखातल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी दर गुरुवारी शेवाळाची भुकटी घेऊन जातो. ती प्लास्टिकच्या दाण्यांत मिसळून पिशव्या काढायच्या, हा आमचा प्रयोग. तिथलं यंत्र चालवणारे अण्णा इथल्याच जुन्या मराठी घरातले. तापमानाच्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. ते वास घेतात. "स्वल्प थांबा, सार," म्हणत नाक पुढे करतात. तळ्याचा वास आला तर मिश्रण कच्चं, मासळी करपल्याचा आला तर वाया. दोन्ही नसले की "सरी!", म्हणजे ठीक आहे, असं म्हणून बटण दाबतात.

प्रत्येक खेपेची पहिली पिशवी मात्र ते दारातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरतात. मला वाटायचं, नैवेद्यासारखी काही रीत असेल.

परवा मी पिशवीवर छापायचा मजकूर नेला : 'मातीत पूर्ण विरघळणारी'. अण्णांनी तो दोनदा वाचला, खुरपं घेतलं आणि कुंडी उकरली. वर्षभरापूर्वीच्या पिशव्या निघाल्या. हिरवा रंग उडालेला, सुईच्या टोकाएवढी भोकं पडलेली, पण पिशव्या जागच्या जागी.

"शेवाळ जिरलं, सार. तुमचं प्लास्टिक बसलंय की तसंच."

मी कागद खिशात घातला. माझा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी त्यातलीच एक पिशवी धुऊन तीत कढीपत्ता भरून दिला.

घरी पोचेपर्यंत एक पानही गळलं नाही.