तहकूब सभेचं दूध

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका लहानशा दूध संघात मी कॉम्प्युटर सांभाळायला होतो. संघाचे सर्व्हर तीन, प्रत्येकाला एक मत. किमान दोघे एकमेकांना दिसत असतील तरच नोंदी घ्यायच्या, नाहीतर मुकाट थांबायचं, असा त्यांचा कोरम. संचालक मंडळापेक्षा ती मशिनं शहाणी होती.

एक सर्व्हर अध्यक्षांच्या इमारतीत होता, दुसरा रस्त्यापलीकडे उपाध्यक्षांच्या, कारण दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. तिसरा अध्यक्षांच्या भाच्यानं आपल्या कॉम्प्युटर क्लाससाठी उचलून नेला होता.

एका सकाळी शिरोळकडून आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरनं रस्त्यावरची केबल तोडली. दोन्ही सर्व्हर थांबले. दोन्ही इमारतींच्या फाटकांवर लोक दुधाच्या किटल्या घेऊन ताटकळले आणि ऊन चढायला लागलं.

"कोरम न्हाय व्हय? मग तहकूब करा की!" अध्यक्ष गरजले. "अर्ध्या तासानं त्याच जागी सभा घ्यायची. तिला कोरम लागत न्हाय. आमी सगळा संघ असाच चालवतोय."

"एकच मशीन चालू ठेवून कोरम एकावर आणता येतो," मी म्हणालो, "पण आधी दोनातलं एक बंद करा. नाहीतर दोघंही स्वतःलाच मालक समजतील."

"माजं बंद करू?" अध्यक्ष म्हणाले. फोनवर उपाध्यक्षही हेच ओरडले. मग मी हात लावणार नाही, असं मी सांगून टाकलं. अध्यक्षांनी भाच्याला बोलावलं. त्यानं दोन्हीकडे जाऊन कोरम एकावर आणून टाकला. मशिनं सुरू झाली, भाच्याला शाबासकी मिळाली, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

संध्याकाळी केबल जोडली आणि दोन मालक समोरासमोर आले. अध्यक्षांच्या मशिननं आपल्या नोंदी पलीकडच्या मशिनवर चढवल्या. उपाध्यक्षांच्या फाटकावरचं दिवसभराचं दूध पुसलं गेलं.

दुसऱ्या दिवशी एका म्हशीवर घर चालवणाऱ्या मावशी माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "म्या सोताच्या हातानं वतलंय दूध. तुमच्या मशिनला दिसंना म्हणून न्हायच झालं व्हय?" मी सभेत मांडतो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सभेला उपाध्यक्षांचा गट रुसून आलाच नाही. कोरमअभावी सभा तहकूब झाली. अर्ध्या तासानं, त्याच खुर्च्यांवर, अध्यक्ष आणि त्यांचे दोन व्याही बसले. मी मावशींचं सांगितलं. मशीन खोटं बोलत नाही, असं अध्यक्षांनी मला सुनावलं आणि ठराव एकमतानं मंजूर झाला: त्या दिवशी पलीकडच्या फाटकावर दूध आलंच नाही.

मग वाट्या आल्या. बासुंदी होती.

"घ्या की पावणं, लाजताय कशाला?" अध्यक्ष म्हणाले. "परवाचं दूध लई शिल्लक हाय. कुणाच्याच नावावर न्हाय."