उताराला आडवं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनीला तर नाहीच. तुमची माझी ओळख नाही, म्हणूनच कदाचित लिहायला धजतो आहे. तरीही आज दुपारपासून टेबलाशी बसलोय आणि इतकंच लिहून झालंय.

माझा थोरला भाऊ गेला. त्याला दादा म्हणायचो मी. तो मशीनखाली सापडून गेला हे सगळ्या गावाला माहीत आहे. गावाला जे माहीत नाही, ते मला लिहायचं आहे. पण ते एकदम लिहिता येत नाही — आधी मशीनचं सांगतो.

आमचं गाव अंबडच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मी जालन्यात मस्तगडला राहतो, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. शेत दादा बघायचा. रस्त्याकडेच्या तुकड्यात कधी धड पीक आलं नाही — पुढं जरा सपाट आणि मागं टेकाड, सगळा मुरूम. तिथं दादानं लॉन्स काढलं. लग्नाचं, साखरपुड्याचं. सपाटीवर मांडव आणि मागच्या टेकाडावर गवत. नवरा-नवरी त्या उतारावर उभे राहिले की फोटोत मागं नुसतं हिरवं दिसतं, त्यामुळे आजूबाजूची लॉन्स सोडून लोक आमच्याकडं यायला लागले. दादाला त्या उताराचा फार अभिमान होता.

पण ते गवत कापायचं कसं? ढकलायचं मशीन वर न्यायचं म्हणजे माणसाचा दम निघायचा. दोन गडी त्या पायी काम सोडून गेले. मग दादानं ठरवलं, बसून चालवायचं घ्यायचं, आणि निवडायचं काम माझ्यावर सोपवलं. "तू वाच, बघ, इच्चार. तुला दुसरं येतंय काय?" असं म्हणाला. हसत म्हणाला. तो असंच बोलायचा.

हे हसणं — याबद्दल लिहू का? लिहिलं तर सबब वाटेल. न लिहिलं तर तुम्हाला पुढचं कळणार नाही. दादानं मला शिकवलं. स्वतः सातवीतून शाळा सोडली आणि मला जालन्याला ठेवलं. त्या बदल्यात त्यानं कधी काही मागितलं नाही. फक्त चारचौघांत माझी थट्टा करायचा. मला नांगर धरता येत नाही, बैल मला बघून हसतात, मी पुस्तकांना कव्हरं घालायचा पगार घेतो. लोक हसायचे, मीही हसायचो. पन्नाशी ओलांडलेला माणूस अशा थट्टेनं दुखावतो का? मी दुखावत होतो. प्रत्येक वेळी. आणि हे दादाला कधीच कळलं नाही, कारण मी कळू दिलं नाही.

मशीन मी मन लावून निवडलं. उंच, ट्रॅक्टरसारख्या तोंडाचं एक होतं, दादाला तेच आवडलं होतं. मी म्हणालो, नको — बुटकं घेऊ, मागची चाकं रुंद असलेलं, चढावर त्याची पकड चांगली. दादानं ऐकलं. हे ध्यानात ठेवा. माझं त्यानं ऐकलं, एका शब्दात.

मशीन आणायला आम्ही दोघं संभाजीनगरला गेल्तो. दुकानात चहा आला. दादानं लगेच तिथल्या मेकॅनिकला माझी ओळख करून दिली. "हे आमचे गुर्जी. मशीनची सगळी इद्या तोंडपाठ हाय ह्यांना. फकस्त सायकल येत न्हाई." मेकॅनिक हसला. काउंटरवरचा मुलगा हसला. एक गिऱ्हाईक बाई बसली होती, ती पण हसली. मला खरंच सायकल येत नाही.

मग दादा टेम्पोवाल्याला शोधायला बाहेर गेला आणि मेकॅनिकनं मला मशीन समजावलं. त्यानं जमीन विचारली, मी उताराचं सांगितलं. तो म्हणाला, मग एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, साहेब. उतारावर हे उभंच न्यायचं. खालून वर, वरून खाली. आडवं बिलकुल न्यायचं नाही. आडवं नेलं की सगळं वजन खालच्या चाकांवर येतं आणि मशीन कलंडतं. गवत ओलं असेल तर मशीन काढायचंच नाही. हातानं त्यानं मला दाखवलं पण — तळहात उताराला आडवा धरला आणि उलटा केला.

मला समजलं. पूर्ण समजलं. आणि त्याच क्षणी आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली — दादा आडवंच नेणार.

कारण तो शेतकरी होता. आमच्याकडं उताराच्या रानात नांगर आडवा चालतो, पेरणी आडवी होते. उभी नांगरट केली तर पहिल्या मोठ्या पावसात माती ओढ्याला जाते. पाणलोटाची कामं निघाली तेव्हा गावात हे सगळ्यात आधी दादानं मनावर घेतलं होतं. दुसऱ्यांच्या बांधावर जाऊन सांगायचा. उताराला आडवं — हे त्याच्या हातात, पायात भिनलेलं होतं. त्याला कुणी सांगितलं नाही तर दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. हे जगात त्या घडीला एकट्या मला माहीत होतं.

टेम्पो मिळाला. मशीन चढवलं, दोरखंडानं बांधलं. आम्ही दोघं ड्रायव्हरशेजारी बसलो. बदनापूर मागं पडल्यावर दादानं विचारलं, "काय म्हणला रे तो? काही खास सांगितलं का चालवायचं?"

त्यानं विचारलं. मी सांगायचं विसरलो असं झालं नाही, त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "न्हाई. तुला काय शिकवायचं त्यानं? जल्मभर रान हाकलंयस."

हे मी टोचून बोललो होतो. वर्षानुवर्षांचं साठलेलं एका वाक्यात घातलं होतं. आणि दादाला ते कौतुक वाटलं. त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली, ड्रायव्हरला म्हणाला, "ऐकलं का? आज पहिल्यांदा बराबर बोलला आमचा गुर्जी!" मग अंबड फाट्यापर्यंत तो खुशीत होता. मला त्यानं भजी खाऊ घातली.

अजूनही वेळ होती ना? दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. पहिल्यांदा मशीन टेकाडावर नेलं तेव्हा मी खाली खुर्ची टाकून बसलो होतो, हातात पुस्तक होतं. दादा खालच्या कडेनं सुरू झाला — आडवं. एका टोकाला गेला, वळला, जरा वरून परत आला. अगदी रानात कुळवाची पाळी घालावी तसं. टेकाडाच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहे, तिच्या खालचा भाग सगळ्यात उभा, तिथं गेल्यावर वरच्या अंगाचं पुढचं चाक उचललं गेलं, परत टेकलं. मी पुस्तक मिटलं.

आता इथं मला थांबावंसं वाटतं. पण इथंच तर यायचं होतं.

मला वाटलं — पडावा. मरावा असं नाही, देवाशपथ तसं नाही. पण एकदा कलंडावा, गड्यांसमोर गवतावर आपटावा, धोतर झटकत उठावा, आणि मग मी जवळ जाऊन सांगावं की उतारावर मशीन उभं न्यायचं असतं, दादा. तेव्हा हसायची पाळी माझी. हे दृश्य मी मनात पुरं रंगवलं होतं. मी काय बोलणार तेही ठरवलं होतं.

तो पडला नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. दर रविवारी मी गावी जायचो आणि दादा उताराला आडवं गवत कापायचा, आणि मी खुर्चीत बसून बघायचो. हळूहळू बघायचंही सोडलं. मेकॅनिकनं उगाच भीती घातली असेल असं मला वाटायला लागलं. खरंच वाटत होतं का? की तसं वाटून घेणं सोपं होतं?

दसरा झाला होता. त्या रविवारी दुपारी एक साखरपुडा होता, म्हणून दादानं सकाळी लवकर मशीन काढलं. दहिवर पडलेलं, गवत ओलं. मी लॉन्सच्या ओट्यावर, पाय खाली गवतात सोडून, चहा पीत होतो. माझ्या पायाला गवताचा ओलावा लागला होता, म्हणजे मला माहीत होतं. दादा माझ्या समोरून गेला तेव्हा मशीनच्या आवाजावर ओरडला, "गुर्जी, भिजताल! वर पाय घ्या!" गडी हसले.

मग टाकीखाली मशीन बाजूला सरकलं. जोरात नाही. आधी सावकाश सरकलं, मग एकदम कलंडलं, आणि दादा त्याच्या खाली. आम्ही धावलो. ते उचलायला चार माणसं लागली. त्याची छाती दबली होती. माझ्याकडं बघत होता, बोलता येत नव्हतं. जालन्याच्या वाटेवर गेला.

तुम्ही म्हणाल, हीच ती गोष्ट. नाही. अजून एक आहे.

सावडायच्या दिवशी माणसं ओसरीत बसली होती. कुणीतरी विचारलं, "गुर्जी, दुकानात काही सांगितलं न्हवतं का हो त्यांनी?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "सांगितलं होतं. मी दादाला बजावलं पण होतं, आडवं नेऊ नको म्हणून. ऐकलं न्हाई."

किती सहज आलं ते तोंडून! मी आधी जुळवलं नव्हतं. आणि लोकांनी मान डोलावली. "हट्टी व्हता माणूस," एक जण म्हणाला. "कुणाचं ऐकलंय त्यानं कधी?" दुसरा म्हणाला. दादा हट्टी नव्हता. नवीन बियाण्याची पिशवी आणली तरी तीन जणांना विचारल्याशिवाय फोडायचा नाही. पण त्या दिवसापासून तो हट्टी झाला. मेल्यानंतर माणसाचा स्वभाव बदलता येतो, आणि त्याला एक वाक्य पुरतं.

वहिनी दाराआड बसली होती. तिनं ऐकलं. तेराव्यानंतर मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी किती सांगणार? ह्यांनाच जीव जड झाल्ता." मी खाली बघितलं. तिला वाटलं, मला रडू येतंय. ती नवऱ्यासाठी धड रडली सुद्धा नाही. चिडूनच राहिली त्याच्यावर. फोटोला हार घालताना पुटपुटते — भाऊ सांगत होता तर कान काय गहाण ठेवले होते का? पाहुण्यांना सांगते, दीर देवमाणूस आहे, ह्यांनीच स्वतःच्या हातानं घर बुडवलं. मी शेजारी बसलेला असतो. ती मला पहिलं ताट वाढते.

मशीन वर्षभर ताडपत्रीखाली पडून होतं. वहिनी त्याला हात लावू देईना. पण लॉन्सवर तर घर चालतं. दादाची पोरगी, पूजा, आता सगळं बघते — बुकिंग, मांडववाले, आचारी. गेल्या महिन्यात तिनं मेकॅनिक बोलावून मशीन नीट करून घेतलं आणि मला फोन केला. "काका, या रविवारी या. मला शिकवा. आईची समजूत मी काढलीय."

मी गेलो. ऊन तापलं होतं, गवत कोरडं होतं. मी तिला सगळं सांगितलं — उभं न्यायचं, आडवं नाही. ओलं असेल तर काढायचं नाही. टाकीखालचा तुकडा मशीननं कापायचाच नाही, तिथं गड्याला खांद्यावरचं कटर द्यायचं. तळहात आडवा धरून, उलटा करून दाखवलं. ती एकदाच ऐकून म्हणाली, "समजलं." सगळं मिळून एवढंच होतं. उभ्या उभ्या सांगण्यासारखं.

ती मशीनवर बसली. सरळ वर गेली, सरळ खाली आली, दोनदा, तीनदा. मग खाली माझ्याजवळ थांबवून तिनं मशीन बंद केलं. कपाळावरचा घाम पुसला. थोडा वेळ वर टाकीकडं बघत राहिली.

"काका, पप्पांना पण तुम्ही असंच सांगितलं होतं ना? असंच हातानं दाखवून?"

वहिनी ओट्यावर येऊन उभी राहिली होती.

"मंग का हो ऐकलं न्हाई त्यांनी?" पूजा म्हणाली. "इतकं सोपं तर हाय. आमचा बिलकुल इच्चार न्हाई केला त्यांनी."

मी म्हणालो, "हो, बाळा. असंच सांगितलं होतं."