शिक्काभाऊ गुहेत शिरले

कस्टमच्या खिडकीमागे शिक्के मारण्यात भाऊंची सगळी नोकरी गेली, म्हणून लोक त्यांना शिक्काभाऊच म्हणायचे. समुद्रात मात्र ते घोट्याच्या वर कधी गेले नाहीत. आणि नशीब बघा, सासुरवाडी निघाली तस्करांची! बायकोचे आजोबा म्हणे मालाची गाठोडी पाठीला बांधून एका गुहेत पोहत शिरायचे आणि मागावरचे शिपाई बाहेर हात चोळत बसायचे. मेव्हणा ही कथा प्रत्येक लग्नात तिखटमीठ लावून सांगायचा. "भाऊजी, तुमचं अख्खं खातं आमच्या म्हाताऱ्यानं गुंडाळलं!" सगळे हसायचे. भाऊही हसायचे, पण झोंबायचं. इतक्या वर्षांनीही त्या घरात ते पाहुणेच होते, तेही शत्रूपक्षाचे.

निवृत्त होताच ते गुपचूप पोहायला शिकले. कुणाला म्हणजे कुणालाही कळू दिलं नाही.

मग मेव्हण्याने शनिवार-रविवारची सहल ठरवली. तस्करांच्या वाटेने किनाऱ्याच्या कडेकडेने चालायचं आणि शेवटी पोहत गुहेत जायचं; तिथे सोबतीला होडी घेऊन एक वाटाड्या असणार होता. भाऊंकडे काम दिलं कपडे सांभाळायचं. गुहेसमोर पोचल्यावर भाऊंनी सरळ सदरा काढला.

"अहो, वेड लागलं का?" बायको ओरडली, तोवर ते पाण्यात होते.

"घाबरू नका ताई, मी आहे," वाटाड्या होडीतून म्हणाला.

मेव्हणा पट्टीचा पोहणारा. त्याने गुहेच्या तोंडावर मुसंडी मारली आणि परतणाऱ्या लाटेने त्याला बाहेर भिरकावलं. तो इरेला पेटला, पुन्हा घुसला, पुन्हा बाहेर. भाऊ शांतपणे तरंगत बघत होते. घाई कशी करत नाहीत, हे खिडकीमागे बसून त्यांच्या अंगात मुरलं होतं. एक लाट त्यांनी जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. पुढची आत निघाली तसं त्यांनी तिच्याबरोबर अंग सोडून दिलं, आणि गुडघे वाळूला लागले.

"आलो! आत आलो!" ते असे गरजले की होडीतला वाटाड्याही दचकला.

त्यांचं बघून बायको आली, मागोमाग धापा टाकत मेव्हणा.

"दादा," ती म्हणाली, "आजोबांनंतर आपल्या घरातलं पहिलं माणूस इथं पोचलं."

मेव्हणा वाळूतून उठून पुढे आला. मग त्याने भाऊंना घट्ट मिठी मारली. "हो गं. आपल्याच घरातलं."

भाऊंना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.